गुडघ्याच्या फ्लेक्शनच्या मोजणीत दोन तपासणाऱ्यांमध्ये आठ अंशांचा फरक: प्रगती कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. मी अस्थिरोग विभागाला जोडलेल्या बाह्यरुग्ण फिजिओथेरपी कक्षात काम करते. गुडघ्याच्या संपूर्ण सांधेरोपणानंतर उपचारांसाठी येणाऱ्या एका रुग्णाच्या नोंदींवरून आमच्या कक्षात जी चर्चा झाली तिचा निकाल लागला नाही, म्हणून येथे विचारत आहे.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास मी या रुग्णाचे गुडघ्याचे फ्लेक्शन (वाकणे) मोजले तेव्हा ते ८८ अंश भरले. पुढच्या भेटीत मी नसताना सहकाऱ्याने मोजले आणि ९६ अंश अशी नोंद केली. त्यानंतरच्या भेटीत मी पुन्हा मोजले तर ९० अंश आले. साधन तेच होते, म्हणजे दोन भुजांचा, कोन मोजण्याचा प्लॅस्टिकचा गोनिओमीटर. रुग्ण तोच होता. सूजही या काळात फारशी बदललेली नव्हती. सहकाऱ्याचा आकडा धरला तर उपचारांना चांगला प्रतिसाद मिळतो आहे असे म्हणता येते, आणि माझे दोनच आकडे शेजारी ठेवले तर गुडघा जवळपास जागच्या जागी आहे असे दिसते. शल्यचिकित्सक भूल देऊन गुडघा वाकवण्याचा, म्हणजे मॅनिप्युलेशनचा, विचार करत आहेत आणि त्यांना आमच्याकडून स्पष्ट उत्तर अपेक्षित आहे.

माझे प्रश्न असे आहेत. किती अंशांचा फरक दिसला म्हणजे सांध्यात खरोखर बदल झाला असे मानावे? नोंद करताना आकड्याबरोबर नेमके काय काय लिहिले पाहिजे? गर्दीच्या वेळी अनेक जण नुसत्या नजरेने अंदाज घेऊन आकडा लिहितात, ते कितपत चालते? आणि अलीकडे मोबाइलवरील कोन मोजणारी अ‍ॅप्स वापरली जातात, ती गोनिओमीटरची जागा घेऊ शकतात का? पाठ्यपुस्तकातील पद्धत मला माहीत आहे. प्रत्यक्ष कामात या गोष्टी कशा हाताळता हे जाणून घ्यायचे आहे.

पहिले उत्तर (पुनर्वसन विभागातील ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट)

तुमच्या तीन आकड्यांपैकी एकमेकांशी तुलना करण्याजोगे दोनच आहेत, आणि ते म्हणजे तुमचे स्वतःचे दोन. सहकाऱ्याची मोजणी चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. ती कदाचित तुमच्यापेक्षा अधिक काटेकोरही असेल. पण एकाच व्यक्तीने केलेल्या मोजण्या एकमेकींशी जितक्या जुळतात तितक्या दोन व्यक्तींच्या जुळत नाहीत, ही गोष्ट सांध्यांच्या मोजमापावरील संशोधनात सातत्याने आढळत आली आहे. बून आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की एकच तपासणारा असेल तर किमान ३ ते ४ अंशांची वाढ ही सुधारणा मानता येते, पण तपासणारे बदलत असतील तर हातांच्या सांध्यांत ५ अंशांहून अधिक आणि पायांच्या सांध्यांत ६ अंशांहून अधिक फरक दिसला पाहिजे. हा अभ्यास निरोगी पुरुषांवर झाला होता हे विसरू नये. सुजलेला, दुखणारा, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला गुडघा मोजताना चुकीला वाव जास्त असतो, म्हणून मी दोन तपासणाऱ्यांमधील ८ अंशांच्या फरकावरून रुग्ण सुधारला असे लिहिण्यास तयार होणार नाही. तुमच्या दोन मोजण्यांमधील २ अंशांचा फरक तर मोजणीच्या चुकीतच जमा होतो.

आता हे ८ अंश आले कुठून, याचा शोध घेणे मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. सर्वांत आधी सहकाऱ्याला विचारा की रुग्ण कोणत्या स्थितीत होता आणि शेवटचा जोर कोणी लावला. उताणे झोपवून रुग्णाला टाच स्वतःच्या बळावर नितंबाकडे ओढायला सांगितली तर ती अ‍ॅक्टिव्ह हालचाल होते. तीच टाच तपासणाऱ्याने हळूहळू पुढे ढकलली तर ती पॅसिव्ह होते, आणि पॅसिव्ह पल्ला बहुतेक वेळा अ‍ॅक्टिव्हपेक्षा जास्त असतो. टेबलाच्या कडेला बसवून मोजले तर पायाचे वजनच गुडघा वाकवायला मदत करते. पालथे झोपवून मोजले तर खुबा सरळ राहिल्यामुळे रेक्टस फेमोरिस हा खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जाणारा स्नायू ताणला जातो आणि गुडघा सांध्यात मोकळा असूनही कमी वाकतो. म्हणजे एकाच गुडघ्याचे, एकाच सकाळी, कोणतीही चूक न करता तीन वेगळे आकडे मिळू शकतात आणि तिन्ही बरोबर असतात.

दुसरे कारण भुजा लावण्याचे. गुडघ्यासाठी गोनिओमीटरचा मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या गुडघ्याजवळील बाहेरच्या उंचवट्यावर (एपिकाँडाइलवर), स्थिर भुजा खुब्याजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरच्या दिशेने आणि चल भुजा घोट्याच्या बाहेरील उंचवट्याच्या दिशेने, हे सर्वांना पाठ असते. प्रत्यक्षात ट्रोकँटर बोटांनी चाचपून शोधण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. बहुतेक जण मांडीच्या मधोमध जाणारी रेषा नजरेने धरतात. स्थूल रुग्णात ही रेषा चटकन सरकते. हिशेब अगदी सोपा आहे: गुडघ्यापासून ४० सेंटिमीटर अंतरावरील खूण ३ सेंटिमीटरने चुकली तर कोन सुमारे ४ अंशांनी बदलतो. वरच्या भुजेत इतकी आणि खालच्या भुजेत तेवढीच चूक त्याच दिशेने कोन वाढवणारी झाली, की तुमचे ८ अंश तेथेच पूर्ण झाले. म्हणूनच गुडघा आणि खुबा यांच्यासाठी लांब भुजांचा गोनिओमीटर वापरावा, असा माझा आग्रह असतो. आखूड भुजांच्या साधनाने उरलेले अंतर नजरेने पुरे करावे लागते. ट्रोकँटर आणि घोटा या दोन्ही खुणा त्वचेवर पेनने केल्या आणि डोळे साधनाच्या समपातळीत आणून आकडा वाचला, तर यातील बरीच चूक टळते.

नजरेच्या अंदाजाबद्दल विचारले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात गुडघ्याच्या पॅसिव्ह फ्लेक्शनसाठी एकाच तपासणाऱ्याच्या गोनिओमीटरच्या मोजण्यांचा विश्वासार्हता-गुणांक (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९९ आला, दोन तपासणाऱ्यांमध्ये तो ०.९० होता आणि नजरेच्या अंदाजांमध्ये ०.८३. अंदाज अगदीच टाकाऊ नाही हे यातून दिसते आणि पहिल्या तपासणीत पाठीपासून पायापर्यंतचे सांधे भराभर चाळायचे असतील तेव्हा मीही नजरेवर विसंबतो. मात्र ज्या सांध्यावर उपचार चालू आहेत आणि ज्याच्या आकड्यावरून कोणी निर्णय घेणार आहे, तो सांधा साधनानेच मोजावा. अंदाजाचा आणखी एक धोका असा की अनुभवी माणसाचा अंदाज नकळत गोल आकड्यांकडे झुकतो आणि मागच्या नोंदीकडे पाहून केलेला अंदाज मागच्या नोंदीशीच जुळतो.

दुसरे उत्तर (अध्यापन करणारी फिजिओथेरपिस्ट)

वरील उत्तराशी सहमत आहे. नोंद कशी करावी या भागाकडे मात्र मला अधिक लक्ष वेधावेसे वाटते, कारण विद्यार्थ्यांच्या आणि रुग्णालयांच्याही कागदांवर मला सर्वाधिक गोंधळ तेथेच दिसतो.

आज आपण वापरतो ती शून्यापासून मोजण्याची पद्धत केव्ह आणि रॉबर्ट्स यांनी १९३६ साली मांडली आणि अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सने १९६५ साली काढलेल्या पुस्तिकेमुळे ती सर्वत्र रुजली. शरीर ताठ उभे असताना सांधा ज्या स्थितीत असतो ती शून्य, आणि तेथून हालचाल जितकी दूर जाईल तितके अंश. हे तत्त्व साधे आहे, पण 'गुडघा ११०' एवढेच लिहिले की त्याचा अर्थ लागत नाही. शून्यापासून ११० पर्यंत वाकतो की १५ पासून ११० पर्यंत? पहिल्या रुग्णाचा पाय पूर्ण सरळ होतो आणि दुसऱ्याच्या गुडघ्यात १५ अंशांचे कॉन्ट्रॅक्चर (पूर्ण सरळ होऊ न देणारा आखडलेपणा) आहे. दोघांची चाल निराळी, उपचारही निराळे. त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही आकडे लिहिलेच पाहिजेत.

उणे चिन्हाचा वापर तर मी विद्यार्थ्यांना पूर्णपणे बंद करायला लावते. एक्स्टेन्शन म्हणजे सांधा सरळ होणे; 'एक्स्टेन्शन उणे १०' या नोंदीचा अर्थ काही जण गुडघा सरळ होण्यात १० अंश कमी पडतात असा घेतात, तर काही जण तो शून्याच्या पलीकडे १० अंश मागे जातो असा घेतात. एकाच चिन्हाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ होत असतील तर ते चिन्ह रुग्णाच्या कागदावर असू नये. तीन आकड्यांची पद्धत या बाबतीत निर्दोष आहे: एक्स्टेन्शन, शून्य, फ्लेक्शन या क्रमाने लिहायचे. १०-०-१३५ म्हणजे गुडघा १० अंश मागे जातो आणि १३५ पर्यंत वाकतो. ०-१५-११० म्हणजे तो शून्यापर्यंत पोहोचतच नाही, १५ वर अडतो आणि ११० पर्यंत वाकतो. मधले शून्य आपल्या जागेवरून सरकले की कॉन्ट्रॅक्चर आहे हे नोंद वाचणाऱ्याला लगेच कळते.

आकड्याबरोबर रुग्णाची स्थिती, अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, शेजारच्या सांध्याची अवस्था, वापरलेले साधन, वेदना कोणत्या अंशाला सुरू झाली आणि हालचाल कशामुळे थांबली, या गोष्टी लिहाव्यात. अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह दोन्ही मोजणे गुडघ्यात विशेष उपयोगाचे असते, कारण पॅसिव्ह एक्स्टेन्शन पूर्ण आहे पण रुग्णाला स्वतःच्या बळावर शेवटचे १० अंश सरळ करता येत नाहीत, असे दिसले तर अडचण सांध्यात नसून मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूमध्ये आहे हे त्या दोन आकड्यांवरूनच समजते. घोट्याचे डॉर्सिफ्लेक्शन (पाऊल वर उचलणे) मोजताना गुडघा वाकवलेला होता की सरळ, हे लिहिले नाही तर ती नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते. गुडघा सरळ असताना पोटरीचा गॅस्ट्रॉक्नेमियस स्नायू ताणलेला असतो आणि घोटा कमी वर येतो, गुडघा वाकवला की तो सैल पडतो. दोन्ही स्थितींतील फरक पाहूनच स्नायू आखूड आहे की सांधा आखडला आहे हे ठरवता येते.

तक्त्यांमधील 'सामान्य' आकड्यांविषयीही थोडे. खांद्याचे फ्लेक्शन १८०, कोपराचे १५०, गुडघ्याचे १३५, घोट्याचे डॉर्सिफ्लेक्शन २० हे आकडे तुलनेसाठी सोयीचे आहेत, पण वय, लिंग आणि शरीराची ठेवण यांनुसार माणसांमाणसांत मोठा फरक असतो. दुसरी बाजू निरोगी असेल तर तोच त्या रुग्णाचा खरा मापदंड, आणि तीही त्याच दिवशी, त्याच स्थितीत मोजावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सहकाऱ्याशी बोलले. मी रुग्णाला उताणे झोपवून त्याला स्वतः टाच ओढायला सांगितली होती, आणि सहकाऱ्याने टेबलाच्या कडेला बसवून शेवटी हाताने हलका दाब दिला होता. आमच्या नोंदीच्या तक्त्यात मात्र 'फ्लेक्शन' या शब्दापुढे एकच रिकामा चौकोन आहे, त्यामुळे दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच रकान्यात एकाखाली एक लिहिल्या गेल्या.

आता आम्ही दोघांनी एकच पद्धत ठरवली आहे. तरीही एक प्रश्न उरतो. पद्धत एक झाल्यावर आमच्या दोघांच्या मोजणीत किती फरक चुकीमुळे येतो, हे दुसऱ्यांच्या संशोधनावरून न ठरवता आमच्या कक्षातच तपासण्याचा काही मार्ग आहे का?

तिसरे उत्तर (संशोधन पद्धती शिकवणारा फिजिओथेरपिस्ट)

मार्ग आहे आणि त्याला फार खर्च किंवा वेळ लागत नाही. गुडघ्याच्या तक्रारींसाठी नेहमी येणाऱ्या वीस-पंचवीस रुग्णांची संमती घेऊन तुम्ही दोघांनी प्रत्येकाचा गुडघा एकाच भेटीत, थोड्या अंतराने, ठरलेल्या पद्धतीने मोजावा. एकाचा आकडा दुसऱ्याला दिसता कामा नये, ही अट कसोशीने पाळावी. शक्य असल्यास गोनिओमीटरची अंशांची बाजू मोजणाऱ्यापासून लपवून तिसऱ्याने आकडा वाचावा आणि लिहावा. कोण आधी मोजणार हा क्रमही रुग्णागणिक बदलावा, कारण पहिल्या मोजणीतच सांधा थोडा मोकळा होतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला थोडे जास्त अंश येऊ शकतात.

त्यानंतर प्रत्येक रुग्णासाठी दोघांच्या आकड्यांमधील फरक काढा, चिन्हासह. या फरकांची सरासरी शून्याच्या जवळ नसेल, उदाहरणार्थ सहकाऱ्याचा आकडा सरासरी ४ अंशांनी जास्त येत असेल, तर ती एका दिशेने होणारी चूक आहे. तिचे मूळ बहुधा जोर लावण्यात किंवा एखादी खूण निराळी धरण्यात असते आणि दोघांनी एकत्र बसून एकाच रुग्णावर सराव केला की ती दूर होते. सरासरीभोवती फरक जे विखुरलेले दिसतात ती उरलेली चूक. फरकांच्या प्रमाण विचलनाला (विखुरलेपणाच्या मापाला) १.९६ ने गुणले की जो आकडा मिळतो, त्याहून मोठा बदल दिसला तरच तो ९५ टक्के खात्रीने खरा बदल मानावा. हाच आकडा मोजणीच्या प्रमाण त्रुटीवरूनही काढतात: त्रुटी गुणिले १.९६ गुणिले वर्गमूळ २. त्रुटी २ अंश असेल तर किमान खरा बदल सुमारे साडेपाच अंश येतो, आणि ३ अंश असेल तर सव्वाआठच्या पुढे जातो. त्रुटीतील एका अंशाची वाढ निर्णयावर किती परिणाम करते ते यावरून लक्षात येईल. तुमचा ८ अंशांचा फरक पहिल्या स्थितीत खरा ठरला असता आणि दुसऱ्या स्थितीत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पहिल्या उत्तरात दिलेले ०.९९ आणि ०.९० हे गुणांक योग्यच आहेत, पण अशा गुणांकावरून एका रुग्णाबद्दल निर्णय घेता येत नाही. हा गुणांक रुग्णारुग्णांमधील फरकाच्या तुलनेत मोजणीची चूक किती लहान आहे हे सांगतो. तपासलेल्या रुग्णांत एकाचा गुडघा ४० अंश आणि दुसऱ्याचा १४० अंश वाकत असेल, तर ५ अंशांची चूक त्या विस्तारात नगण्य दिसते आणि गुणांक फार चांगला येतो. तुमच्यासमोर मात्र एकच रुग्ण आहे आणि त्याच्या बाबतीत तेच ५ अंश सुधारणा आणि अपयश यांमधले अंतर असू शकते. म्हणून कोणताही अभ्यास वाचताना गुणांकाशेजारी अंशांमध्ये दिलेली त्रुटी आहे का, हे मी नेहमी पाहतो, आणि ती नसेल तर तो अभ्यास मला दवाखान्यात फारसा उपयोगी पडत नाही.

दोन मोजण्यांची सरासरी घेतल्यास विस्कळीत चूक कमी होते. ताज्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला मात्र वारंवार शेवटपर्यंत वाकवणे त्रासदायक असते, त्यामुळे अशा वेळी एकच मोजणी, पण काळजीपूर्वक केलेली, मी पसंत करतो.

चौथे उत्तर (खांदा आणि पाठीच्या रुग्णांवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट)

मोबाइलच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही म्हणून लिहिते. मोबाइलमधील कोन मोजणारी अ‍ॅप्स मुख्यतः इन्क्लिनोमीटरसारखी चालतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी फोन किती कलला आहे हे सांगतात. त्यामुळे हालचाल उभ्या प्रतलात होत असेल तरच त्यांचा आकडा विश्वासार्ह असतो. उताणे झोपवून खांदा ९० अंश बाजूला आणि कोपर ९० अंश वाकवून एक्स्टर्नल रोटेशन (हात बाहेरच्या बाजूला फिरवणे) मोजायचे असेल तर पुढचा हात उभ्या प्रतलात फिरतो, तेथे फोन उत्तम काम करतो. रुग्ण बसलेला असून हात शरीराशी जवळ ठेवून तेच रोटेशन मोजायचे म्हटले तर हात आडव्या प्रतलात फिरतो आणि गुरुत्वाकर्षणाला त्याचा पत्ताच लागत नाही. काही अ‍ॅप्स तेथे चुंबकीय होकायंत्र वापरतात, पण लोखंडी खाटा आणि विजेची उपकरणे जवळ असताना मी त्या आकड्यावर विसंबत नाही. गुडघ्यासाठी फोन वापरायचा तर एकदा मांडीवर आणि एकदा नडगीच्या हाडाच्या कडेवर ठेवून दोन आकड्यांवरून कोन काढावा लागतो. फोन हाडाच्या सरळ भागावर ठेवावा, स्नायूच्या फुगवट्यावर नव्हे, आणि दर वेळी तीच कडा टेकवावी. एवढे पाळले तर फोन वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र एका रुग्णाची मोजणी गोनिओमीटरने सुरू केली असेल तर मधेच फोनवर जाऊ नये.

कमरेसाठी गोनिओमीटर मुळातच गैरसोयीचा आहे, कारण तेथे एक सांधा नसून अनेक मणक्यांची मिळून हालचाल होते आणि पुढे वाकताना निम्मी हालचाल खुब्यांतून येते. त्यासाठी दोन इन्क्लिनोमीटर, एक बाराव्या पाठीच्या मणक्यावर आणि एक सेक्रमवर (कण्याच्या तळाच्या हाडावर), ठेवून दोन्हींमधला फरक घेतात. साधन नसेल तर सुधारित शोबर चाचणी आहे: कमरेच्या खळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या १० सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली खूण करून, पुढे वाकल्यावर हे १५ सेंटिमीटर अंतर किती वाढते ते टेपने पाहायचे. अँकिलोसिंग स्पाँडिलायटिसच्या (कणा ताठ करणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णांचा पाठपुरावा करताना ही टेप मला बहुतेक साधनांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

खांद्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती इतर सांध्यांनाही लागू पडते. हात वर नेताना फक्त खांद्याचा गोल सांधा हलत नाही. खवाटाही फिरतो, आणि हात पूर्ण वर जाईपर्यंत ढोबळमानाने दोन भाग हालचाल सांध्यातून आणि एक भाग खवाट्यातून होते. खांदा आखडलेला रुग्ण खवाटा वर उचलून आणि कंबर मागे कलवून आकडा वाढवून दाखवतो, आणि तो हे जाणूनबुजून करत नसतो. खवाटा धरून ठेवला की तोच आकडा बराच खाली येतो. रिडल आणि सहकाऱ्यांच्या १९८७ सालच्या अभ्यासात खांद्याचे पॅसिव्ह फ्लेक्शन, अ‍ॅबडक्शन (हात बाजूने वर नेणे) आणि एक्स्टर्नल रोटेशन यांबाबत दोन तपासणाऱ्यांचे चांगले जुळले, पण एक्स्टेन्शन, इंटर्नल रोटेशन आणि आडव्या प्रतलातील हालचालींबाबत जुळणी फारच कमी होती. खवाटा आणि धड स्थिर ठेवणे जेथे कठीण, तेथे आकड्यांची जुळणी ढासळते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. खुब्याच्या फ्लेक्शनमध्ये हेच काम श्रोणी करते. ती मागे फिरली की खुबा ठरलेल्या जागी थांबूनही मांडी पोटाकडे येत राहते.

पाचवे उत्तर (अस्थिरोग शल्यचिकित्सक)

मी फिजिओथेरपिस्ट नाही, पण अशा नोंदी वाचून निर्णय घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. मॅनिप्युलेशनचा निर्णय एका आकड्यावर घेतला जात नाही आणि घेऊही नये. ९० अंशांच्या आसपास अडकलेला गुडघा पाहिला की विचार सुरू होतो हे खरे, कारण सपाट जमिनीवर चालायला सुमारे ६० अंश पुरत असले तरी जिने चढण्या-उतरण्यासाठी आणि खुर्चीवरून सहज उठण्यासाठी ९० किंवा त्याहून अधिक वाकणे लागते. पण त्यानंतर मला चार गोष्टी हव्या असतात. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता. कारण आधीच ९५ वर अडलेला गुडघा रोपणानंतर १२५ होईल अशी अपेक्षा धरता येत नाही. शस्त्रक्रिया संपताना भूल असतानाच किती वाकला होता. ते माझ्याकडे असते, आणि थेरपिस्टनी ते मागून घ्यावे, असे मी सुचवेन. गेल्या काही आठवड्यांचा कल काय आहे. आणि चौथी गोष्ट, जी कागदावर जवळजवळ कधीच नसते: गुडघा वाकवताना शेवटी हाताला काय लागते.

ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांनी हालचालीच्या शेवटी हाताला येणाऱ्या संवेदनेचे वर्गीकरण केले तेव्हापासून ही तपासणी सर्वांना शिकवली जाते, तरी ती लिहिली जात नाही. रुग्ण वेदनेमुळे तपासणाऱ्याचा हात धरतो आणि त्याच्या पलीकडे सांध्यात जागा शिल्लक असल्याचे जाणवते, तेव्हा वेदना, सूज आणि भीती यांवर उपचार करायचे असतात. चामड्यासारखा घट्ट, हळूहळू वाढणारा आणि दर भेटीला त्याच अंशावर येणारा अडथळा असेल तर आत चिकटलेल्या ऊतींचा विचार येतो आणि तेथे मॅनिप्युलेशनचा उपयोग होऊ शकतो. हाडावर हाड आपटल्यासारखा एकदम कठीण थांबा असेल तर मला आधी एक्स-रे आणि रोपणाची ठेवण पाहावी लागेल. या तिन्ही रुग्णांच्या कागदावर '९०' हाच आकडा असू शकतो.

वेळेचाही भाग आहे. मॅनिप्युलेशन करायचे तर ते पहिल्या तीन महिन्यांच्या आत केल्यास फायदा जास्त मिळतो. उशीर झाला की चिकटलेल्या ऊती पक्क्या होतात आणि जोर लावताना हाड मोडण्याचा किंवा स्नायूबंध तुटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे खरा बदल होत आहे की नाही हे कळायला आणखी दोन महिने थांबू, ही चैन परवडत नाही, आणि दोन तपासणाऱ्यांच्या मिसळलेल्या आकड्यांमुळे नेमके हेच आठवडे वाया जाऊ शकतात.

तुमच्या रुग्णासाठी मी असे सुचवेन. यापुढे एकाच व्यक्तीने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी आणि वेदनाशामक गोळीपासून तेवढ्याच अंतराने, उताणे झोपवून आधी अ‍ॅक्टिव्ह आणि मग पॅसिव्ह फ्लेक्शन मोजावे, एक्स्टेन्शनही सोडू नये. तपासणारा बदलावाच लागला तर त्या भेटीत दोघांनी मोजून दोन्ही आकडे नावानिशी लिहावेत. शल्यचिकित्सकांना पाठवण्याची नोंद या धर्तीवर असावी: 'उजवा गुडघा, उताणे, लांब भुजांचा गोनिओमीटर, अ‍ॅक्टिव्ह ०-५-९०, पॅसिव्ह ०-५-९४, ८५ अंशांपासून वेदना, ९४ ला घट्ट अडथळा, मागील दोन भेटींत तोच, डावा गुडघा पॅसिव्ह ०-०-१३०.' अशी नोंद हातात आली तर मी त्याच दिवशी उत्तर देऊ शकतो.